काळोखाची मोजणी

अर्ज गोठ्याचा आहे.
म्हणजे कधीकाळी गोठा. आता आत
एक मोडकी गव्हाण, पाकोळ्यांची कोरडी घरटी,
आणि चौकटीवर मार्था आयव्हसनच्या सासऱ्यानं
खिळ्यानं ओढलेल्या उभ्या रेघा,
दर विसाव्या मेंढीला एक आडवी.

मी टेप धरला. दुसरं टोक मार्थाकडे,
बूट घोट्यापर्यंत चिखलात.
"ताण जरा," ती म्हणाली, "कमी भरेल."
कमी भरलं नाही.
रस्त्यापासून गोठा चौऱ्याऐंशी मीटर.

यॉर्कशायरच्या या खोऱ्यात, उद्यानाच्या हद्दीत,
रस्त्यालगतच्या गोठ्याला घर होता येतं.
रानातल्यानं रानातच राहायचं,
दगडी बांधांच्या जाळ्यात एकटं,
लांबून पाहणाऱ्याला वाटावं
आत अजून गाई रवंथ करताहेत.

हे कलम लिहिणाऱ्यांत मीही होतो.
वाईट कलम नाही ते.
कलम नव्हतं तेव्हाचं शेजारचं खोरं मी पाहिलंय:
गोठ्यांना काचेच्या भिंती फुटल्या,
अंगणात गरम पाण्याची कुंडं,
आणि नोव्हेंबर लागला की कुलुपं.

मार्थाची नात ब्रायोनी शाळेची व्हॅन चालवते.
शाळेत मुलं अकरा, त्यातला एक तिचाच.
गावात घरं सव्वीस. सतरांच्या दाराशी
आकडे फिरवले की उघडणारी किल्लीची पेटी.
"त्या पेटीला लागते का रे परवानगी?"
लागत नाही.

वटवाघळांची पाहणी झाली.
तुळईत नऊ, मुक्काम कायमचा.
त्यांना हलवायचं नाही यावर दुमत नाही,
मार्थाचंही नाही.
"ती राहतात तरी," एवढंच म्हणाली.

शिफारस त्याच रात्री लिहायची होती,
पण अमावस्या होती, आणि अमावस्येला
माझ्याकडे दुसरं काम असतं: काळोख मोजणं.
मुठीत मावणारं यंत्र आभाळाकडे धरायचं,
बटण दाबायचं, आकडा टिपायचा.
चर्चमागच्या टेकाडावर चढलो.
आकडा आला तो आजवरचा सर्वांत चांगला.
वर आकाशगंगा, चाळणीतून पीठ सांडावं तशी.
हेच आभाळ बघायला लोक दुर्बिणी घेऊन येतात,
आमच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावरही हेच.

मग खाली पाहिलं.
सव्वीस घरांत दिवे तीन.

यंत्राला कारण कळत नाही.
शिस्तीनं दिवा झाकलेलं घर
आणि दिवा लावायलाच कुणी नसलेलं घर,
दोन्हींचा आकडा एकच.

उतरताना चौथा दिसला.
गोठ्याच्या पाठीमागं, ताडपत्रीखाली जुनी कॅरॅव्हॅन.
टेप धरताना मार्था
नेमकी तिच्या पुढ्यात उभी होती,
हे आत्ता लक्षात आलं.
पडद्यावर कुणीतरी लहान
हाताच्या सावलीचा ससा करत होतं.
एक कान नीट जमत नव्हता.
मी बॅटरी विझवली. का, ते मला विचारू नका.

नमुन्यात रकाना आहे:
विनापरवाना वस्ती आढळल्यास नोंदवावी.
त्याखाली अजून एक:
प्रकाशाचे इतर स्रोत, असल्यास, संख्या.
थंडीनं पेन गोठलं म्हणावं
तर थंडी तेवढी नव्हती.

शिफारस सकाळी लिहिली. चौऱ्याऐंशी मीटर,
उघड्या रानातली वास्तू, सबब नामंजूर.
गुरुवारी समितीपुढं जाईल.
मार्थाला बोलायला तीन मिनिटं मिळतील,
ती त्यातली एक खाली बसूनच घालवेल, मला ठाऊक आहे.

वस्तीचा रकाना कोरा ठेवला.
दिव्यांच्या रकान्यात
एक उभी रेघ ओढली.
वाचणाऱ्याला तो एक वाटेल,
किंवा पेन नुसतं टेकलेलं.